अंगणाचा कोबा

(नभोवाणीवरील भाषण)

घराचें अंगण घरांत मोजावें कीं घराबाहेर, याचा निकाल अद्याप कोणीं लावलेला नाहीं. रंगाऱ्याच्या अंदाजांत तें येत नाहीं, आणि दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंतहि त्याची पाळी सर्वांत शेवटीं लागते. तथापि पापड वाळतात ते तेथेंच, मुलें चालावयास शिकतात तीं तेथेंच, आणि पाहुण्यांना निरोप देतांना उंबरठ्याबाहेर जें अर्धा तास बोलणें होतें, तेंहि तेथेंच. अशा या जागेवर सिमेंटचा थर पडून अनेक घरांत चाळीस-पन्नास वर्षें लोटलीं आहेत. त्या थराला तडे गेले आहेत; कोठें तो खचला आहे, कोठें उचलला आहे; आणि घरधन्यापुढें प्रश्न उभा आहे कीं, हा कोबा दुरुस्त करावा, कीं उखडून नवा घालावा?

हा थर मुळांत आला कसा, हें थोडें पाहणें अवश्य आहे. कारण पुष्कळशा चुकांचें मूळ तेथेंच सांपडतें. पूर्वींचें अंगण मातीचें असे. कोंकणांत त्याला खळें म्हणतात. पावसाळा सरला कीं, दिवाळीच्या सुमारास खळें खणावयाचें, ढेंकळें फोडून पाणी घालावयाचें, लांकडी चोपण्यानें चोपून तें सपाट करावयाचें आणि वरून शेणानें सारवावयाचें, अशी तेथील दरसालची रीत. म्हणजे अंगण दरसाल नवें होत असे. भेगा पडत त्या सारवणांत बुजत. जमीन खचे तेथें नवी माती पडे. दुरुस्ती आणि नूतनीकरण हे दोन निराळे प्रश्नच नव्हते. देशावर ज्यांची ऐपत असे ते शहाबादी फरशी बसवीत. तीहि एखादी हलली तर तेवढीच उचलून, खालीं वाळू सारखी करून, पुन्हां बसवितां येई.

सिमेंटचा प्रकार निराळा. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन नांवाच्या गवंड्यानें 1824 सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. आपल्या देशांत 1914 सालीं पोरबंदरचा कारखाना सुरू झाला, आणि 1936 सालीं अनेक कंपन्यांचें एकीकरण होऊन ए.सी.सी. ही मोठी कंपनी उभी राहिली. पुढील दोन-तीन पिढ्यांत सिमेंटचें पोतें सर्वांच्या परिचयाचें झालें. सारवणाचे कष्ट गेले, धूळ गेली, आणि एकदां कोबा घातला कीं जन्माचें काम झालें, असा समज रूढ झाला. हा समज खरा नाहीं. काँक्रीट दगडासारखें दिसतें, पण तें दगडासारखें स्वस्थ बसत नाहीं. ओलें असतांना तें जेवढें असतें त्याहून वाळल्यावर थोडें आखडतें. उन्हानें पसरतें, रात्रीं पुन्हां आकुंचन पावतें. दाब सहन करण्याची त्याची शक्ति मोठी आहे. ताण सहन करण्याची शक्ति त्या मानानें सुमारें दहाव्या हिश्शाइतकीच. तेव्हां आखडतांना त्याला मोकळीक मिळाली नाहीं, अथवा खालची जमीन एका बाजूनें सरकली, तर तें फाटतें. जमीन जर काळ्या मातीची असेल तर पाहावयासच नको. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आक्रसून हात-हात भेगा टाकते, आणि वरचा कोबा दरसाल वर-खालीं हलवीत राहते. मुरमाची जमीन त्या मानानें पुष्कळच शांत.

पुण्यासारख्या शहरांतील एका जुन्या बंगलीचें उदाहरण घेतलें म्हणजे प्रश्न स्पष्ट होईल. अंगण वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. लांब बाजू घराला लागून, समोर फाटक. कोपऱ्यांत एक आंब्याचें झाड, मध्यावर तुळशीवृंदावन. मूळचा कोबा घराइतकाच जुना. त्यावर 1990 नंतर केव्हां तरी दुसरा थर चढविलेला. आतां तेथें पावसाळाभर घराच्या पायरीपाशीं डबकें सांचतें, देवघराच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल येऊन रंगाचे पापुद्रे पडतात, आंब्याजवळचा कोबा उचलून त्याला ठेंच लागते, आणि डबक्याच्या कडेला शेवाळ धरतें. श्रावणांतल्या एका सकाळीं घरांतील आजी तुळशीला पाणी घालावयास गेल्या त्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचें मनगट मोडलें. त्यानंतर त्यांना तुळशीपर्यंत एकटें जाऊं द्यावयाचें नाहीं असें घरांत ठरलें. मनगट सहा आठवड्यांत सांधलें. ही बंदी मात्र सहा महिने झाले तरी उठली नाहीं. आजींना दुखण्यापेक्षां तिचेंच अधिक वाईट वाटे.

चिरंजीवांनीं दोन ठेकेदार बोलाविले. पहिला म्हणाला, वरून दोन इंचांचा नवा थर ओढून देतों, चार दिवसांत काम. दुसरा म्हणाला, सगळें उखडल्याशिवाय गत्यंतर नाहीं. पहिल्याचा आंकडा दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका होता. अशा वेळीं बहुतेक घरांत पहिल्यालाच काम मिळतें, आणि तीन वर्षांनीं तोच प्रश्न पुन्हां उभा राहतो. येथेंहि तसेंच व्हावयाचें. परंतु शेजारच्या घरीं काम करीत असलेला एक वृद्ध मिस्तरी सहज डोकावला. त्यानें भाव सांगितला नाहीं. एक हातोडी आणली आणि एक बादली पाणी मागितलें.

हातोडीनें तो अंगणभर हलके ठोके मारीत फिरला. जेथें कोबा खालच्या थराला अगर जमिनीला घट्ट चिकटून आहे तेथें आवाज टणक येतो; सुटलेला असेल तेथें पोकळ, डबा वाजविल्यासारखा येतो. जवळजवळ सर्व अंगण पोकळ वाजलें. मग त्यानें एके ठिकाणीं छिन्नीनें वरचा थर उचलून पाहिला, तो पापडासारखा निघाला. खालच्या जुन्या पृष्ठभागावर जुन्या शेवाळाचा काळा पट तसाच होता.

"साहेब," तो म्हणाला, "हा थर कधीं बसलाच नव्हता. नुसता वर निजला होता."

दुसऱ्या थराचें काम फसतें तें बहुधा येथेंच. नवें काँक्रीट जुन्यावर आपोआप चिकटत नाहीं. जुना पृष्ठभाग छिन्नीनें खरवडून खडबडीत केला पाहिजे, धूळ, तेल, शेवाळ यांचा अंश न ठेवतां धुतला पाहिजे, आदल्या दिवसापासून भिजविला पाहिजे, आणि वर पाणी तरंगत नसतांना, पण दगड ओलाच असतांना, सिमेंटचा पातळ हात देऊन लागलीच माल घातला पाहिजे. शिवाय खालच्या कोब्यांत जेथें भेग आहे, तेथें वरच्यांतहि ती आज ना उद्यां उमटतेच. वर कितीहि जाड थर द्या. थर देतांना हें कोणी सांगत नाहीं.

मग बादलीचें पाणी. तें त्यानें अंगणाच्या मध्यावर ओतलें आणि सर्वांना पाहावयास सांगितलें. पाणी अर्धें फाटकाकडे गेलें आणि अर्धें घराकडे. घराकडे गेलेलें पाणी पायरीशीं थबकलें आणि तेथून देवघराच्या कोपऱ्याकडे सरकलें. हा उतार मूळचा नव्हता. घर बांधतांना पायासाठीं चर खणतात. पाया भरून झाल्यावर चराचा उरलेला भाग माती टाकून बुजवितात. ती माती थरांथरांनीं पाणी मारून धुमसानें ठोकली नाहीं, तर पुढें कित्येक वर्षें दबत राहते. त्यामुळें घराला लागूनचा कोबा घराकडेच कलतो, आणि बाहेर जावयाचें पाणी पायाशीं येतें. या घरांत त्यांत आणखी एक भर होती. गच्चीचें पाणी उतरविणारा नळ कोपऱ्यांत जमिनीखालीं जोडलेला होता, आणि त्याचा सांधा निखळला होता. कोब्याखालची माती थोडीथोडी वाहून जाऊन तेथें मोकळी पोकळी झाली होती.

शेवटीं त्यानें जोतें पाहिलें. जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर असतो. त्याच्यावर भिंत कोरडी, खालीं ओली, अशी घराची रचना असते. अंगण या थरापासून निदान सहा इंच तरी खालीं असावें. येथें मूळचें अंतर नऊ इंच होतें. वर चढविलेल्या थरामुळें तें देवघरापाशीं पांच इंचांवर आलें होतें. पावसाचा थेंब कोब्यावर आपटून जो उडतो, तो त्या थराच्या वर सहज पोंचे. भिंतीला ओल कां येते याचें उत्तर प्लास्टरांत नव्हतेंच. दोनदां प्लास्टर काढून नवें केलें तरी तें सांपडलें नव्हतें. पहिल्या ठेकेदाराचा दोन इंचांचा थर जर वर चढला असता, तर अंतर तीन इंच उरलें असतें, आणि ओल देवघरांतून माजघरांत गेली असती. स्वस्त काम महाग पडतें असें जें म्हणतात, तें येथें मोजपट्टीनें दाखवितां येण्यासारखें होतें.

दुसरा ठेकेदारहि मात्र पुरता बरोबर नव्हता. वरचा सुटलेला थर काढल्यावर फाटकाच्या बाजूचा सात फुटांचा पट्टा टणक निघाला. तो मुरमाच्या मूळ जमिनीवर होता आणि त्याचा उतार रस्त्याकडे होता. त्यांत एक लांब भेग होती. पण सर्वच भेगा सारख्या भयंकर नसतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा केवळ पृष्ठभागावरच्या. त्यांजकडे दुर्लक्ष करावें. एक सरळ भेग, जिच्या दोन्ही कडा एकाच पातळींत आहेत, ती बहुधा काँक्रीट आखडतांना पडलेली असते. ती बुजवितां येते. जिची एक कड वर आणि दुसरी खालीं, ती जमीन हलल्याची अगर मूळ वाढल्याची खूण. ती वरून बुजविणें म्हणजे मोडलेल्या हाडावर मलमपट्टी करणें. भेग अजून हलते आहे किंवा नाहीं हें ठरविण्याची एक साधी युक्ति आहे. भेगेवर आडवी कांचेची एक पातळ पट्टी दोन्ही बाजूंस पक्की चिकटवून ठेवावी आणि वर तारीख लिहावी. उन्हाळा व पावसाळा असे दोन्ही ऋतु जाऊन पट्टी अभंग राहिली, तर भेग शांत झाली असें समजावें. शांत भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करून, झाडून-धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालानें भरावी. हलती भेग मात्र सिमेंटनें कधींहि भरूं नये. तिच्यांत ताणलें जाणारें, रबरासारखें सीलंट भरावें. भेगेवर पातळ सिमेंटचें पाणी ओतण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिचा उपयोग भेग दिसेनाशी करण्यापुरताच, आणि तोहि फार तर एका पावसाळ्यापुरता.

निर्णय असा ठरला: वरचा थर सर्वच काढावयाचा, घरालगतचा आठ फुटांचा पट्टा खालपासून नवा करावयाचा, फाटकाकडचा पट्टा ठेवून त्याची भेग बुजवावयाची, आणि आंब्याभोंवतालचा कोबा कापून तेथें माती मोकळी ठेवावयाची.

या शेवटच्या कलमावर घरांत थोडा वाद झाला. मोकळी माती म्हणजे चिखल आणि पालापाचोळा, असें चिरंजीवांचें म्हणणें. त्यांच्या मनांत झाडच काढून टाकावें असेंहि येऊन गेलें होतें. परंतु महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांसाठीं 1975 सालीं वृक्षसंरक्षणाचा कायदा झालेला आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडतां येत नाहीं, हें कळल्यावर तो विचार मागें पडला. मुळें तरी तोडावीं काय? कोबा उचलणारीं मुळें जाडजूड, म्हणजे झाड धरून ठेवणारीं असतात. तीं एका बाजूनें तोडलीं तर कोबा सपाट होईल, पण पुढच्या वळवाच्या वाऱ्यांत झाड घरावर येईल. मुळांना जागा देणें हाच त्यावर उपाय. दिल्लींतील झाडांसंबंधीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2013 सालीं बुंध्याभोंवतीं एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्यास सांगितलें होतें. तोच बेताचा हिशेब येथें घेण्यांत आला.

आजींचा आग्रह मात्र निराळ्या कारणासाठीं होता. "पूर्वीं पहिला पाऊस पडला कीं मातीचा वास घरांत येई," त्या म्हणाल्या. "आतां नुसतें गटार भरल्याचा आवाज येतो."

त्यांच्या बोलण्यांत हिशेबहि होता. तीनशें चौरस फुटांच्या अंगणावर एक इंच पाऊस पडला कीं सुमारें सातशें लिटर पाणी होतें. पुण्याकडच्या सातशें मिलिमीटरच्या आसपासच्या पावसाचा हिशेब धरला, तर एका पावसाळ्यांत एका अंगणांतून जवळजवळ वीस हजार लिटर पाणी रस्त्यावर जातें. मग उन्हाळ्यांत त्याच घरापुढें टँकर उभा राहतो. मातीचा तुकडा सगळें पाणी जिरवील असें नाहीं. पण पूर्ण बंद अंगणापेक्षां बरें. ज्यांना सर्वच अंगण नवें करावयाचें आहे, त्यांनीं मुरूम आणि वाळूवर शहाबादी फरशी अगर पेव्हर ब्लॉक बसविण्याचाहि विचार करावा. सांध्यांतून थोडें पाणी मुरतें, आणि खालचा नळ दुरुस्त करावयाचा झाल्यास फोडाफोड करावी लागत नाहीं. मात्र काळ्या मातीवर अशी फरशी लवकर डगमगते. तेथें खालचा भराव जाड पाहिजे.

काम फेब्रुवारींत काढलें. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. मे महिन्यांत ऊन आणि वारा मालांतलें पाणी ओढून घेतात. आणि मृग लागण्याच्या तोंडावर काम काढणारे लोक पावसाशीं शर्यत लावतात व बहुधा हरतात. प्रथम जमिनीखालचे नळ, मोरीची वाट, विजेची तार कोठून गेली आहे याचा नकाशा खडूनें कोब्यावरच काढला. फोडतांना पाणी शिंपडीत राहिलें पाहिजे. काँक्रीटच्या कोरड्या धुळींत सिलिका असते आणि ती फुप्फुसांत कायमची बसते. मजूर तोंडाला रुमाल बांधतात तो पुरेसा नसतो. चांगला मुखपट्टा घरधन्यानेंच आणून द्यावा. तो खर्च फारसा नाहीं.

राडारोडा किती निघतो याची कल्पना पुष्कळांना नसते. काढलेला माल हिशेबानें शंभर घनफुटांच्या आसपास होता. एवढ्याचें वजन सुमारें साडेसहा ते सात टन. आणि फोडल्यावर तो फुगून दीड ब्रासच्या घरांत जातो. असला माल नदीकांठीं अगर मोकळ्या जागेंत टाकूं नये, तो वेगळा ठेवून नेमल्या जागीं द्यावा, असे नियम केंद्र सरकारनें 2016 सालीं केले. पण ठरावांत राडारोड्याचा उल्लेख नसेल तर तो फाटकाबाहेर महिनाभर पडून राहतो आणि त्यावरून शेजाऱ्यांशीं वैर येतें. म्हणून कामाचा ठराव करतांना राडारोडा कोण, कोठें आणि किती दिवसांत नेणार, हें आधीं लिहून घ्यावें. येथें कांहीं चांगले तुकडे नव्या पट्ट्याखालच्या सोलिंगला वापरले गेले, त्यामुळें एक खेप वांचली.

घरालगतची पोकळ माती टणक थर लागेपर्यंत काढली. पावसाच्या नळाचा सांधा नवा बसविला आणि बुजविण्यापूर्वीं गच्चीवरून पाणी सोडून पाहिला. मग मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी आणि धुमस. चिरंजीवांना हें काम फार लांबतें आहे असें वाटलें. मिस्तऱ्यानें त्यांना उत्तर दिलें नाहीं, धुमस त्यांच्या हातांत दिला. दहा मिनिटांनीं त्यांनीं तो परत केला आणि पुन्हां तो विषय काढला नाहीं.

काँक्रीट चार इंच जाड. अंगणांत मोटार उभी करावयाची असेल तर पांच-सहा इंच पाहिजे. केवळ माणसांच्या वावराला चार पुरे. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. दीडशें चौरस फुटांना नऊ पोतीं सिमेंट, सुमारें पाव ब्रास वाळू आणि अर्ध्या ब्रासला थोडी कमी खडी लागली. वाळूच्या ठिकाणीं हल्लीं बहुधा क्रश सँडच मिळते. ती चाळून घेतलेली असेल तर हरकत नाहीं. खरी मेख पाण्यांत आहे. एका पोत्याला पंचवीस ते तीस लिटरपर्यंत पाणी पुरतें, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनहि कमी. परंतु पातळ माल ओढावयास सोपा, म्हणून मजूर बादलीवर बादली ओततात. जास्तीचें पाणी उडून जातें आणि मागें छिद्रें ठेवून जातें. कोबा दुबळा होतो, अधिक आखडतो, अधिक फाटतो. घरधन्यानें कामावर उभें राहून एकच गोष्ट पाहावयाची असेल तर ती बादल्यांची संख्या पाहावी. भिंती सरळ आहेत कीं नाहींत हें मिस्तरी पाहतो.

वीस फुटांच्या पट्ट्याचे तीन चौकोन केले; पहिला आणि तिसरा आधीं, मधला दुसऱ्या दिवशीं. काँक्रीट आखडणारच, तेव्हां त्याला फाटावयाची जागा आधींच आंखून द्यावी हें यांतील तत्त्व. चार इंच जाडीला आठ ते दहा फुटांवर सांधा पाहिजे. घराची भिंत आणि नवा कोबा यांच्यामध्यें अर्ध्या इंचाची फट ठेवून ती लवचिक मालानें भरली. दोघांनीं आपापल्या चालीनें हालावें. तशीच फट जुन्या पट्ट्याशीं. आठ फुटांत दीड इंचाहून किंचित् अधिक उतार, फाटकाकडे. हा उतार डोळ्यांना जाणवत नाहीं, पाण्याला जाणवतो.

वरचा हात हा आणखी एक वादाचा विषय. आरशासारखा घोटलेला कोबा पाहावयास सुंदर, आणि तसा घोटण्यासाठीं पुष्कळ गवंडी वर कोरडें सिमेंट भुरभुरतात. त्यानें पृष्ठभागावर पातळ साय धरते; ती पुढें तडकते व तिची भुकटी निघते. आणि पावसाळ्यांत घोटलेल्या कोब्यावर पाय ठरत नाहीं, तें तर आजींच्या मनगटानें सिद्ध केलेलेंच होतें. मिस्तऱ्यानें वर आलेलें पाणी आपोआप उडूं दिलें, गुरमाळ्यानें एक हात दिला, आणि नव्या खराट्याचे आडवे ओरखडे ओढले. सूनबाईंना तें रांगोळीला गैरसोयीचें वाटलें. त्यासाठीं उंबरठ्यापाशीं दोन फुटांचा तुकडा, आंत छपराखालीं, गुळगुळीत ठेवला.

ओलें सिमेंट हातांना भाजतें हेंहि येथें सांगावयास हवें. त्याचा दाह लागलीच कळत नाहीं, संध्याकाळीं कळतो. रबरी हातमोजे आणि बूट यांना पर्याय नाहीं. तसेंच शेवाळाविषयीं. ब्लीचिंग पावडर पाण्यांत कालवून टाकावी, खराट्यानें घासावी, भरपूर पाण्यानें धुवावें. संडासासाठीं जें अ‍ॅसिड आणतात तें अंगणांत वापरूं नये, त्यानें सिमेंट खाल्लें जातें. आणि ब्लीचिंग पावडरींत तर तें चुकूनहि मिसळूं नये, कारण त्यांतून क्लोरीन वायु निघतो आणि तो जिवावर बेततो.

कोबा घातला म्हणजे काम झालें असें वाटतें, पण अर्धें काम पुढेंच असतें. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं, पाण्याशीं संयोग होऊन घट्ट होतें. म्हणून तें वाळूं द्यावयाचें नाहीं. साध्या पोर्टलंड सिमेंटला निदान सात दिवस, आणि राख मिसळलेलें जें सिमेंट आज बहुतेक दुकानांत मिळतें त्याला निदान दहा दिवस ओल पाहिजे. कडक उन्हांत चौदा. सकाळ-संध्याकाळ नळीनें शिंपडून भागत नाहीं, मधल्या दुपारीं सर्व उडून जातें. वाळूचे बोटभर बांध घालून पाणी सांठवावें, नाहीं तर गोणपाट पसरून तें ओलें ठेवावें. ही जबाबदारी आजींनीं मागून घेतली. खुर्ची ओसरीवर टाकून त्या नळी हातांत घेऊन बसत, आणि गोणपाटाचा एखादा कोपरा पांढरा दिसूं लागला कीं तेथें धार सोडीत. सहा महिन्यांत घरांतील कोणत्याहि कामाला त्यांची एवढी गरज लागली नव्हती.

मजुरीचा शेवटला हप्ता पहिला मोठा पाऊस पडल्यावर द्यावयाचा, असें आरंभींच ठरलें होतें. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत एके सायंकाळीं दोन तास पाऊस झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्तरी छत्री घेऊन आला. पायरीशीं पाणी नव्हतें. देवघराचा कोपरा कोरडा होता, मात्र भिंतींतील जुनी ओल पुरती जावयास आणखी एक उन्हाळा लागेल असें त्यानें सांगितलें आणि तोंपर्यंत रंग काढूं नका म्हणून बजावलें. आंब्याखालच्या मातींत पाणी जिरत होतें. मधल्या चौकोनांत, नव्या-जुन्याच्या सांध्याजवळ, ताटलीएवढें एक डबकें मात्र राहिलें होतें. तें त्यानेंच दाखविलें. दुपारीं घासण्याचें यंत्र आणून त्यानें सांध्याची कड खालीं आणली, बादलीभर पाणी ओतून पाहिलें, आणि तें फाटकाकडे गेल्यावर पैसे मोजून घेतले.

आजी तेव्हां तुळशीपाशीं होत्या.